आठ तास अंथरुणात, झोप किती?

१. अंथरुणातले तास आणि झोपेचे तास

रात्री नऊला पाठ टेकली, पहाटे पाचला उठलो, तरी अंग जड का? झोप पुरी होऊनही दिवसभर जांभया का येतात? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हिशेबातच एक खोट असते. त्याने मोजलेले आठ तास अंथरुणातले असतात, झोपेचे नसतात.

एक साधा हिशेब मांडून पाहू. नऊ ते पाच म्हणजे ४८० मिनिटे. डोळा लागायला ४० मिनिटे गेली. डासांनी आणि उकाड्याने दोनदा जाग आली, त्यात आणखी ४०. एकदा लघवीला उठणे आणि गोठ्यात गुरे का बिथरली ते पाहून येणे, ३०. पहाटे चारनंतर नुसतेच कूस बदलत पडणे, ५०. एकूण १६० मिनिटे गेली, उरली ३२०. म्हणजे झोप झाली पाच तास वीस मिनिटे. अंथरुणात घालवलेल्या वेळातला किती टक्के वेळ खरोखर झोपेत गेला, या आकड्याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. इथे ती ६७ टक्के भरते. साधारणपणे ८५ टक्क्यांच्या पुढची झोप चांगली समजली जाते.

हे उदाहरण कुणाला अतिरंजित वाटेल, पण भारतातच झालेले एक मोजमाप याहून फारसे वेगळे नाही. चेन्नईतल्या कमी उत्पन्नाच्या कामगारांच्या मनगटाला यंत्रे बांधून त्यांची झोप मोजली गेली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे रात्री आठ तास अंथरुणात होती आणि झोपली होती साडेपाच तास. मधल्या वेळात त्यांची झोप तीसेक वेळा चाळवत होती. संशोधकांनी त्यांना पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि लवकर झोपण्याबद्दल सल्ला दिला. रात्रीची झोप जवळजवळ अर्ध्या तासाने वाढली, पण कामात फरक पडला नाही. अशा तुटक झोपेत अर्धा तास वाढला तरी ती तुटकच राहते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. हे आकडे खऱ्या झोपेचे आहेत, अंथरुणाचे नव्हेत.

२. रात्रीचा पहिला भाग आणि शेवटचा भाग

झोप सगळी एकसारखी नसते. डोळा लागला की आधी उथळ झोप येते, मग गाढ, मग पुन्हा थोडी उथळ, आणि शेवटी स्वप्नांची. असा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा असतो आणि रात्रीत चार-पाच फेरे होतात. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात. हे शिकागो विद्यापीठात युजीन अझेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये नोंदवले. तोवर झोप म्हणजे मेंदू बंद, अशीच समजूत होती.

रात्रीच्या सुरुवातीचे फेरे आणि पहाटेचे फेरे यांत मोठा फरक असतो. गाढ झोप बहुतेक सगळी रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. शरीराची झीज भरून काढणे, मुलांच्या वाढीचे संप्रेरक पाझरणे, ही कामे याच वेळी जोरात चालतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. तिचा संबंध आठवणी पक्क्या होण्याशी आणि मन निवण्याशी आहे.

म्हणून किती झोप गेली याच्याइतकेच रात्रीचा कुठला भाग गेला हेही महत्त्वाचे ठरते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईचा दिवस घ्या. उजाडायच्या आत जंगल गाठायचे, उन्ह चढायच्या आत परतायचे, मग घरी बसून पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी ती फळीवर नेऊन मोजून द्यायची. जेवणखाण उरकून ती दहाला पडते आणि तीनला उठते. तिची गाढ झोप बरीचशी पदरात पडते, पण पहाटेची स्वप्नांची झोप जवळजवळ सगळी जाते. उलट, धानाच्या जागलीला गेलेला माणूस रानडुकरांच्या वेळेला, म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात, मचाणावर जागा असतो आणि पहाटे कलंडतो. दोघेही पाच तासच झोपतात, पण दोघांचे नुकसान सारखे नसते.

३. झोप कोण आणते?

झोप आणणाऱ्या यंत्रणा दोन आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत.

पहिली साठ्याची. माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. गावातली बोडी पावसाळ्यात जशी थेंबाथेंबाने भरते तशीच ही गोष्ट. सकाळी बोडी रिकामी, रात्री काठोकाठ. झोप लागली की पाट उघडतो आणि पाणी उतरते. संध्याकाळी सहाला तासभर डुलकी काढली तर थोडे पाणी तेव्हाच वाहून जाते आणि रात्री दहाला बोडी अर्धीच असते. चहाने तर पाणी मुळीच कमी होत नाही, पातळी तेवढी दिसेनाशी होते.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो दिवस-रात्रीची वेळ राखतो. १९३८ मध्ये क्लाइटमन आणि त्यांचा एक तरुण सहकारी अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुणाचे शरीर त्या दिवसाला जुळले. क्लाइटमन यांचे २४ तासांवरच अडून बसले. सूर्य दिसत नसतानाही आतले घड्याळ चालते, हे त्यातून दिसले. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते ते शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ रोज थोडे मागेपुढे होते आणि रोज उजेडावर लावून घ्यावे लागते. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की ते पुढे सरकते, रात्री उशिरापर्यंत उजेड पडला की मागे पडते. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते.

या बाबतीत गडचिरोलीकर एका अर्थाने नशीबवान आहेत. भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे. गडचिरोली ८० अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा हातातल्या घड्याळात सरासरी बारा वाजून दहाच मिनिटे झालेली असतात. मुंबईत हाच फरक जवळजवळ चाळीस मिनिटांचा. एकाच राज्यात, एकाच वेळापत्रकात, गडचिरोलीत सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी मावळतो. सूर्य उशिरा मावळतो तिथली मुले उशिरा झोपतात, पण शाळा सगळीकडे त्याच वेळी भरते. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने देशभरातली आकडेवारी तपासली. सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने कमी भरते, असे त्याला आढळले. राज्याच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांना सूर्य आणि घड्याळ यांचा मेळ आयताच मिळाला आहे. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहून तो मोडायचा, हे मात्र माणसाच्या हातात आहे.

४. दिवे नव्हते तेव्हा

आजोबा-पणजोबा दिवस मावळताच झोपायचे आणि दहा-दहा तास झोपायचे, असे सगळीकडे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नसावे. टांझानियातले हडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेविना राहणाऱ्या लोकांची झोप २०१५ मध्ये जेरोम सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली. हे लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक वेळ जागे असत आणि सरासरी पावणेसहा ते सात तास झोपत. मात्र त्यांची उठायची वेळ जवळजवळ ठरलेली होती आणि निद्रानाशाची तक्रार क्वचितच होती.

त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या तोबा या आदिवासींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीज असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची तुलना केली तेव्हा वीज असलेल्या वस्तीत झोप उन्हाळ्यात चाळीसेक मिनिटांनी आणि हिवाळ्यात तासाभराने कमी भरली. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या गावांत वीज आणि मोबाइलचा टॉवर येत गेला तसतसा असाच काही फरक पडला असणार, असे समजायला जागा आहे. जुनी माणसे दहा-दहा तास झोपत नसावीत, पण त्यांची झोप वेळेवर येत असावी.

५. तापलेली रात्र

झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरायला लागते आणि पहाटेपर्यंत ते साधारण एक अंशाने कमी होते. ही उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते, म्हणून झोप येऊ लागली की तळहात-तळपाय कोमट होतात. बाहेरची हवाच तापलेली असेल तर उष्णता जाणार कुठे?

चंद्रपूर हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. ब्रह्मपुरीचे नावही या यादीत दरवर्षी झळकते. बातमी होते ती दुपारच्या आकड्याची. झोपेला नडतो तो रात्रीचा आकडा, आणि मे महिन्यात कित्येक रात्री तो ३० अंशांच्या आसपास असतो. हवामान खात्यातही ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी नोंद असते: दिवसाचे तापमान ४० अंश किंवा जास्त आणि रात्रीचे किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर. ६८ देशांतल्या मनगटी यंत्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान तापमान ३० अंशांच्या वर असलेल्या रात्री माणसे सरासरी चौदा मिनिटे कमी झोपतात, असा त्याचा निष्कर्ष होता. चौदा मिनिटे थोडी वाटतात, पण ही सरासरी आहे. वातानुकूलित खोलीत झोपणारेही तिच्यात मोजलेले आहेत.

परदेशी पुस्तके झोपायची खोली १८-१९ अंशांवर ठेवायला सांगतात. बल्लारपूरच्या किंवा घुग्घुसच्या कामगार वसाहतीत तो सल्ला थट्टाच ठरतो. इथे करता येण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट छताची. मातीच्या भिंती आणि कवेलूचे छत असलेले घर दिवसा कमी तापते आणि रात्री लवकर निवते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवस मावळल्यावर ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा हीच हवा अंगावर ढकलतो. गच्चीला पांढरा चुना मारणे, स्लॅबवर गवताचे किंवा तुराट्यांचे आच्छादन टाकणे, संध्याकाळी पाणी शिंपडणे, यांनी खोली लवकर निवते. पाण्याची टंचाई असेल तिथे चुनाच बरा. तो एकदाच मारावा लागतो.

दुसरी गोष्ट कूलरची. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते, एवढ्याच तत्त्वावर तो चालतो. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो राजा असतो आणि जुलैत निकामी होतो. खोलीची दारे-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणे ही नेहमीची चूक. आतली ओल बाहेर पडली नाही तर तासाभरात हवा दमट होते, पाणी वाफ होईनासे होते आणि माणूस घामाने चिंब होऊन उठतो. समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी. पावसाळा लागला की पंप बंद करून कूलरचा नुसता पंखा वापरावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

तिसरी गोष्ट आंघोळीची. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते. कोमट पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. अगदी गार पाण्याने बरे वाटते खरे, पण त्या वाहिन्या आकसतात. आंघोळ जमत नसेल तर हातपाय धुणे, ओल्या पंचाने मान पुसणे, यानेही तेच काम थोड्या प्रमाणात होते.

गच्चीवर किंवा अंगणात झोपणे हा विदर्भाचा जुना उपाय. गच्ची अजूनही उत्तम. अंगणाबाबत मात्र जंगलालगतच्या गावांत जपून वागावे लागते. उघड्यावर झोपलेल्या माणसांवर बिबट्याने हल्ला केल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत आणि उन्हाळ्यात उघड्यावर झोपू नये, असे वनविभाग सांगत असतो. जाळी लावलेली ओसरी त्यातल्या त्यात सुरक्षित.

६. जमिनीवर की बाजेवर?

झोपेच्या सवयींवरच्या पुस्तकांत गादी किती मऊ असावी याची चर्चा असते. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत आधीचा प्रश्न वेगळा आहे: झोपायचे जमिनीवर की जमिनीपासून वर? कारण इथे तो जिवाचा प्रश्न आहे.

मण्यार हा साप रात्री फिरतो. उंदीर, पाली आणि इतर साप हे त्याचे खाद्य. धानाची पोती आणि कणग्या असलेल्या खोलीत उंदीर येतात, त्यांच्या मागे तो येतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाने झोपेत हात टाकला की चावतो. मण्यारचे दात बारीक असतात. चावा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी अशी लक्षणे दिसली तर ती अपचनाची समजून घरी ओवा देत बसू नये. थेट दवाखाना गाठावा, कारण पुढची पायरी श्वासाचे स्नायू लुळे पडण्याची असते.

बाजेने धोका कमी होतो. मच्छरदाणीने तो आणखी घटतो. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून स्पष्ट संरक्षण मिळाल्याचे दिसले. मुळात मच्छरदाणी असते ती हिवतापासाठी. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि हिवतापाचा डास मुख्यतः माणूस झोपलेला असतानाच चावतो. आरोग्य विभाग गावोगावी कीटकनाशक भिनवलेल्या मच्छरदाण्या वाटतो. त्या वारंवार धुतल्या किंवा कडक उन्हात वाळवल्या की औषध उतरते, सावलीत वाळवाव्यात.

मच्छरदाणी बांधण्यातही रीत आहे. अंधार पडायच्या आत ती सोडावी, म्हणजे आत डास अडकत नाहीत. कडा नुसत्या लोंबत्या ठेवल्या तर तिचा उपयोग निम्मा होतो; तिन्ही बाजू गोधडीखाली किंवा चटईखाली खोचून चौथ्या बाजूने आत शिरावे आणि ती आतून खोचावी. लहान मूल हात-पाय फेकून जाळीला चिकटून झोपते आणि डास बाहेरूनच चावतो, म्हणून त्याला मधे घ्यावे. आत उकडते ही तक्रार खरी आहे. पण हिवतापाचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो, तेव्हा मे महिन्यातला उकाडा सरलेला असतो.

झोपेच्या दर्जाच्या दृष्टीनेही हा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे. पहिल्या विभागातल्या हिशेबात डासांनी आणि उकाड्याने मिळून खाल्लेली चाळीस मिनिटे आठवा.

७. झोपण्याआधी तोंडात काय?

चहातले कॅफिन शरीरातून निम्मे उतरायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री साडेअकरालाही निम्मा अंगात असतो. बिनदुधाचा लाल चहा हलका असतो ही समजूत चुकीची. उत्तेजक द्रव्य दुधात नसते, पत्तीत असते.

या भागातला मोठा झोपमोड्या मात्र खर्रा आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून बनवलेला खर्रा गडचिरोली-चंद्रपुरात पुरुष, बायका, कोवळी पोरेसुद्धा खातात. खाणारे सांगतात की त्याने डोके शांत होते. प्रत्यक्षात निकोटीन नाडी वाढवते, झोप लागणे लांबवते आणि झोप उथळ करते. शांत वाटते ते तलफ भागल्यामुळे. रात्रीत निकोटीन उतरते, तलफ पुन्हा चाळवते आणि पहाटेची झोप मोडते. अंथरुणातून उठण्याआधी पुडी चाचपणारा माणूस त्याचाच पुरावा. खर्रा गालात धरून झोपणे तर सर्वांत वाईट: रात्रभर तंबाखू एकाच जागी लागून राहतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान चालू आहे. एकदम सोडणे जमत नसेल त्याने निदान रात्रीच्या जेवणानंतरचा खर्रा आधी तोडावा.

दारूची गोष्ट उलट दिशेने फसवी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. मोहाची दारू कायद्याच्या आतबाहेर होतच राहिली. दारूने झोप पटकन लागते, यात शंका नाही. पण चार तासांनी ती उतरू लागते तेव्हा झोप वारंवार मोडते, स्वप्नांची झोप कमी होते आणि घसा सैल पडल्याने घोरणे वाढते. ‘पिऊन पडला की मेल्यासारखा झोपतो’ हे वर्णन रात्रीच्या पहिल्या भागापुरतेच खरे असते.

८. ज्यांची रात्र कामाची असते

वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी. चंद्रपूर जिल्ह्यात हजारो माणसे पाळ्यांत काम करतात. ‘रात्री दहाला झोपा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा पाळी करून आलेला माणूस सकाळी सातला घरी पोचतो. वाटेत ऊन डोळ्यांवर पडलेले असते आणि आतल्या घड्याळाने ‘दिवस’ जाहीर केलेला असतो. साठा काठोकाठ भरल्यामुळे डोळा लगेच लागतो, पण घड्याळ जागे राहा म्हणत असते. दुपारी बारा-एकला, उकाड्याने किंवा कुकरच्या शिट्टीने, झोप मोडते. काही गोष्टींनी हे सावरते. घरी येताना टोपी आणि गडद चष्मा. खिडकीला जाड गोधडी, म्हणजे खोली खरोखर अंधारी. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि पाळीवर जायच्या आधी तास-दीड तासाची दुसरी झोप. आठवड्याच्या पाळ्या सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकल्या तर शरीराला सोपे जाते. उलट क्रमाने त्रास वाढतो. हे ठरवणे कामगाराच्या हातात नसते, व्यवस्थापनाच्या असते. रात्रपाळी बहुधा कर्करोगकारक असावी, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केले आणि २०१९ मध्ये कायम ठेवले, हे व्यवस्थापनानेही वाचलेले बरे.

गाडी चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजले गेले. पहाटे पाचला उठून रात्री दहाला कोळशाचा ट्रक हाकणारा चालक नेमका त्याच स्थितीत असतो. खिडकी उघडून वारा घेण्याने झोप जात नाही. गाडी बाजूला लावून वीस मिनिटे डोळे मिटण्याने जाते.

झाडीपट्टीचे नाटक ही या भागातली आणखी एक जागरणाची रीत. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि तांबडे फुटेपर्यंत प्रयोग चालतो. वडसा हे या नाट्यमंडळ्यांचे माहेरघर. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रेक्षकाने एका नाटकापायी झोप बुडवली तर काळजीचे कारण नाही. पुढच्या रात्री शरीर आधी गाढ झोप वसूल करते, म्हणून बुडालेले सातही तास परत भरावे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत न राहता नेहमीच्या वेळेच्या जवळपास उठावे आणि रात्री लवकर झोपावे, एवढे पुरते. नटमंडळींचे तसे नाही. महिनोन्‌महिने रोज नव्या गावी दिवसा झोपणाऱ्यांना रात्रपाळीचेच नियम लागू होतात.

दुपारच्या डुलकीबद्दल आयुर्वेदाने उन्हाळ्याचा अपवाद आधीच करून ठेवला आहे: एरवी दिवसा झोपू नये, ग्रीष्मात चालेल. चेन्नईच्या त्याच अभ्यासात कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास झोपू दिलेल्यांचे काम आणि मनःस्थिती दोन्ही सुधारले होते, रात्रीच्या वाढीव अर्ध्या तासाने जे साधले नव्हते ते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तीनला उठणाऱ्या बाईने दुपारी पुडकी बांधायला बसण्याआधी अर्धा तास आडवे व्हावे, यात आळस मुळीच नाही. डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत आटपावी. लांबली तर माणूस गाढ झोपेतून उठतो आणि तासभर सुन्न राहतो.

शाळेच्या मुलांसाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे सांगितले. कारण मुलांची अपुरी झोप हेच दिले होते. किशोरवयात शरीराचे घड्याळ दीड-दोन तास उशिरा सरकते, त्यामुळे दहावीचा मुलगा रात्री उशिरा झोपतो तो निव्वळ हट्टाने नव्हे. त्या वर्गांना मात्र ही सवलत मिळालेली नाही.

९. दवाखाना कधी गाठावा

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आणि हे तीन महिने चालले आहे, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. यावर पहिला उपचार गोळी नव्हे. अंथरुणातला वेळ आधी कमी करायचा असतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पहिल्या विभागातल्या माणसाचे उदाहरण पुन्हा घेऊ. तो ४८० मिनिटे पडून ३२० मिनिटे झोपतो. डास, उकाडा, चहा-खर्रा यांचा बंदोबस्त करूनही हेच चालू राहिले तर त्याने उठायची वेळ पाचच ठेवावी आणि नऊऐवजी अकराला पडावे. अंथरुणात ३६० मिनिटे. साठा अधिक भरल्यामुळे डोळा लवकर लागतो आणि कूस बदलणे कमी होते. झोप ३०६ मिनिटांच्या वर, म्हणजे ८५ टक्क्यांच्या पुढे, टिकू लागली की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे आधी पडायचे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी नीरस करत बसायचे आणि पेंग आल्यावरच परतायचे. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, म्हणून वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, आणि म्हातारी माणसे त्या घेऊन रात्री उठली की पडतात.

घोरण्याकडे कुणी आजार म्हणून पाहत नाही. पण मोठ्याने घोरणारा माणूस मधेच गप्प होतो, दहा-वीस सेकंद श्वास थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा हिसका देऊन घोरणे सुरू होते, असे घरच्यांनी पाहिले असेल तर तो बहुधा झोपेतला श्वासरोध असतो. असा माणूस दहा तास पडला तरी थकलेलाच उठतो, रक्तदाब वाढतो आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. तपासणीला जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे; रोग्याला स्वतःला काहीच आठवत नसते.

या दोन जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्या झोपेचा वेगळा विचार करावा लागतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून रात्रीतून अनेकदा उठावे लागते आणि मोठी मुलेही अंथरूण ओले करतात. ‘संध्याकाळी पाणी कमी प्या’ हा एरवीचा सल्ला त्यांना देऊ नये; पाणी कमी पडले तर दुखण्याचा झटका येऊ शकतो. मुलाला न रागावता रात्री एकदा उठवून लघवीला न्यावे आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा. असे मूल घोरत असेल तर रात्री त्याच्या रक्तातला प्राणवायू कमी होत असण्याची शक्यता असते, आणि त्यानेही झटका ओढवू शकतो. म्हणून पुढच्या तपासणीत घोरण्याची गोष्ट आपणहून डॉक्टरांच्या कानावर घालावी.